व्हिडिओ डोअरबेल, होम असिस्टंट आणि आमचा कूलर : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

या कॅमेऱ्यावाल्या बेलच्या चित्राबद्दल फार लिहीत नाही. टू-के आहे, रात्रीही चेहरा ओळखू येतो, फाटकाखाली ठेवलेलं पार्सलसुद्धा दिसतं. हे सगळं डब्यावर छापलेलं असतं आणि ते खरं आहे. मला लिहायचंय ते बटणाबद्दल. नऊ हजारांच्या घरातली वस्तू घेऊन, ती होम असिस्टंटला (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) जोडून, एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढला. कॅमेरा म्हणून तक्रार नाही, पण बेल म्हणून हे यंत्र कच्चं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, वॉरंटीचं भांडण अजून मिटलेलं नाही.

बेल घेतली ती कूलरमुळे. आम्ही नागपुरात, त्रिमूर्तीनगरात राहतो. स्वतंत्र घर, फाटक रस्त्याला आणि हॉल चांगला आत. एप्रिल ते जून हॉलच्या खिडकीत मोठा डेझर्ट कूलर. दुपारी दोन वाजता तो फुल स्पीडवर असताना फाटकावर बेल वाजली काय नि ढोल वाजला काय, आत कुणाला पत्ता नसतो. पार्सलवाला परत जातो आणि मोबाईलवर मेसेज येतो, 'कस्टमर नॉट अव्हेलेबल'. घरात तीन माणसं असताना!

बसवायच्या वेळचं एक सांगायलाच हवं. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिकडे बेलच्या वायरीत ट्रान्सफॉर्मरमधून १६ ते २४ व्होल्ट एसी येतो. जुनं बटण काढायचं, त्याच दोन वायरी नव्या बेलच्या मागे जोडायच्या, झालं. आपल्याकडे बेलच्या बटणात थेट २३० व्होल्ट असतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने प्लेट खोलली आणि म्हणाला, "ताई, दोन वायर तं आहेतच ना, याच्यातच टाकून देतो." टाकल्या असत्या तर हा रिव्ह्यू इथेच संपला असता.

म्हणजे या बेलला वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो डब्यात येत नाही. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) विचारत फिरले तर जो तो आरओचा अडॅप्टर पुढे करतो. तो २४ व्होल्टचा असतो हे खरं, पण डीसी. या मॉडेलला एसी लागतो. शेवटी पॅनलचं सामान विकणाऱ्याकडे एमसीबीशेजारी बसणारा बेल ट्रान्सफॉर्मर मिळाला. फाटकापर्यंतची नवी वायर वेगळ्या पट्टीतून नेली, २३० च्या पाइपातून नाही. जुनं बटण मात्र सासऱ्यांनी काढू दिलं नाही. "नेट गेलं तं काय करशील?" एवढंच म्हणाले. म्हणून फाटकावर दोन बटणं झाली, वर नवं आणि खाली जुनं.

होम असिस्टंट हॉलमधल्या सेकंडहँड मिनी पीसीवर चालतं. त्यात चित्र आणणं सोपं निघालं. बेलच्या अ‍ॅपमध्ये आरटीएसपी (घरच्या नेटवर्कवर कॅमेऱ्याचं चित्र देण्याची पद्धत) चालू करायचं, राउटरमध्ये तिचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून टाकायचा आणि तो होम असिस्टंटला द्यायचा. नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीपासून गो-टू-आरटीसी (कॅमेऱ्याचं चित्र ब्राउझरपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) होम असिस्टंटच्या आतच येतं, त्यामुळे वेबआरटीसी या पद्धतीने लाईव्ह चित्र जवळजवळ लगेच दिसतं. आधीच्या, उशिरा चित्र देणाऱ्या एचएलएस पद्धतीत माणूस निघून गेल्यावर तो येताना दिसायचा. फक्त कॅमेऱ्यात व्हिडिओचा फॉरमॅट एच.२६५ ऐवजी एच.२६४ ठेवा, नाहीतर काही ब्राउझरमध्ये काळा चौकोन बघत बसाल.

आता बटण. ते दाबल्याची खबर आरटीएसपीतून येत नाही, तिथून फक्त चित्र आणि आवाज येतो. ऑनव्हिफमधून (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडायची सामायिक पद्धत) या मॉडेलमध्ये हालचाल कळते, बटण कळत नाही. काही कंपन्या बटणाची घटना 'व्हिजिटर' नावाने घरच्या नेटवर्कवरच देतात, आमची देत नाही. तेव्हा डब्यावर 'ऑनव्हिफ सपोर्टेड' वाचून पैसे काढू नका. दुकानदाराला किंवा हेल्पलाइनला एवढंच विचारा की नेट बंद असताना बटणाचा इव्हेंट लोकल मिळतो का. उत्तर गोलमाल आलं तर दुसरं मॉडेल बघा.

आमच्याकडे काय होतं? फाटकावर बटण दाबलं की खबर कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून क्लाउड इंटिग्रेशनमार्गे (होम असिस्टंटला त्या सर्व्हरशी जोडणारा दुवा) माझ्या हॉलमध्ये येते. फाटक ते हॉल वीस पावलं, आणि खबर कुठल्या देशातून फिरून येते देव जाणे. एरवी पाच-सहा सेकंद. संध्याकाळी नेट मंदावलं की दहाच्या पुढे. तुम्ही म्हणाल, दहा सेकंदांचं काय एवढं? भर उन्हात बाइक चालू ठेवून उभ्या असलेल्या पार्सलवाल्याला विचारा. तो तेवढ्यात पुढच्या घरी पोचलेला असतो.

तरीही पहिले काही आठवडे मी या बेलवर खूश होते, आणि त्याचं कारण पुन्हा कूलरच. कूलरच्या १६ अँपिअरच्या पॉइंटमागे पॉवर मोजणारा रिले, म्हणजे वाय-फायवरून चालू-बंद होणारा स्विच, बसवला. बेल दाबल्याची खबर आली की कूलर बारा सेकंद बंद, मग आपोआप चालू. कूलरची घरघर थांबली की गाढ झोपलेला माणूसही डोळे उघडतो, हे नागपूरकराला सांगायला नको. त्या शांततेत स्पीकर मराठीत बोलतो, "फाटकावर कोणीतरी आलंय." गूगलचा आवाज आहे, मराठी जरा परकं वाटतं, पण कळतं. पहिल्या दिवशी सासूबाई उठून बसल्या नि म्हणाल्या, "लाईन गेली वाटते." मग वर बघून, "पंखा तं फिरून राहिला!" त्यानंतर कूलर थांबला की त्या सरळ फाटकाकडेच बघतात.

करणार असाल तर दोन गोष्टी घाला. एक, कूलर आधीपासून चालू होता का हे पॉवरच्या आकड्यावरून तपासा, नाहीतर डिसेंबरात पोस्टमन यायचा आणि कूलर सुरू व्हायचा. दुसरं, एकदा थांबला की पुढची दोन मिनिटं पुन्हा थांबवू नका. मोटरला सारखे झटके बरे नाहीत.

मग नवतपा आला, मे अखेरीचे भट्टीसारखे नऊ दिवस.

आधी अ‍ॅपचे 'माणूस आला' हे अलर्ट विचित्र वेळी गायब व्हायला लागले. ऐन दुपारी येत होते, सकाळी उशिरा आणि रात्री जेवणाच्या सुमाराला येत नव्हते. कारण आतला पीआयआर सेन्सर. तो माणूस बघत नाही, हलणारं अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला फरक बघतो. भिंत तापत तापत, किंवा निवत निवत, माणसाच्या कातडीएवढी झाली की सेन्सरला समोर काहीच नाही असं वाटतं. पुण्यात हा प्रश्न कुणाला फारसा पडत नसेल. इथे तो रोजचा.

त्यानंतर बेल दुपारीच मरायला लागली. आमचं फाटक पश्चिमेला. तीननंतर बंद, ऊन उतरलं की स्वतःहून जिवंत. माहितीपत्रकात ५० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलंय. टोल-फ्रीवरच्या मुलीने माझ्याशी बोलता बोलता नागपूरचं तापमान बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तिथे तर ४५ च दाखवतंय." ते सावलीतलं, बाई! पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात तापणाऱ्या काळ्या प्लास्टिकचं तापमान हवामान खातं देत नाही. आणि नागपूरच्या उन्हात सेन्सरवर किती विसंबायचं हाही प्रश्नच आहे. २०२४ च्या मे अखेरीला इथल्याच एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली, मग खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं.

बऱ्याच फोनांनंतर माणूस आला. दारातच विचारलं, "सर आहेत का?" सर ऑफिसात होते आणि सरांना या बेलचा पासवर्डही माहीत नाही. मग त्याने माझ्या मोबाईलवर होम असिस्टंटचा डॅशबोर्ड पाहिला आणि त्याला कारण सापडलं, "थर्ड पार्टी अ‍ॅपमुळे गरम होते मॅडम." यात अगदीच तथ्य नाही असं म्हणणार नाही. चोवीस तास स्ट्रीम ओढत राहिलं की आतल्या चिपला जास्त काम पडतं. म्हणून मी त्याच्यासमोर स्ट्रीम बंद केला आणि त्याला थंड ताक दिलं. ताक संपायच्या आधी बेल मेली. रिपोर्टवर त्याने लिहिलं 'डायरेक्ट सनलाईट', म्हणजे वॉरंटी नाही. उपाय म्हणून सांगितलं की फाटक सावलीत घ्या.

फाटक जिथे होतं तिथेच आहे. मिस्त्रीकडून बेलच्या वर शहाबादी फरशीचा तुकडा छज्जासारखा बसवून घेतला. तुकडा घरचाच, मिस्त्रीने तीनशे रुपये घेतले. त्या दिवसापासून बेल उन्हाने एकदाही बंद पडली नाही. नऊ हजारांच्या वस्तूला जे जमलं नाही ते तीनशेत झालं, याचा मला आनंद मानावा की संताप करावा हे ठरत नाही. पण एक खरं, मे महिन्यात मी हिला एक तारा देणार होते, छज्जानंतर तीनवर आले.

तेवढ्यात पावसाळ्यात फर्मवेअरचा, म्हणजे बेलच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट आला. होम असिस्टंट म्हणायला लागलं, पुन्हा लॉगिन करा. केलं की तासाभरात पुन्हा तेच. हेल्पलाइनचं म्हणणं असं की हे इंटिग्रेशन आमचं अधिकृत नाही, मॅडम, तुम्ही प्रीमियम प्लॅन घ्या. प्रीमियम प्लॅनमध्ये काय मिळतं? रेकॉर्डिंग त्यांच्या सर्व्हरवर. ते मी माझ्या मिनी पीसीवर फुकट करते. बटणाची खबर मिळेल का? नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं केलं तीच गेली.

मग मी सासऱ्यांच्या जुन्या बटणाकडे वळले. तसंही दूधवाला, पेपरवाला, कचऱ्याच्या गाडीवाला, सगळे तेच दाबतात. वरच्या चकचकीत बटणाला कुणी हात लावत नाही, बहुधा कॅमेऱ्याकडे बघून बिचकतात. हॉलच्या मोठ्या स्विचबोर्डात फेज, न्यूट्रल आणि बटणाकडून परत येणारी वायर, तिन्ही हजर होत्या. तिथे शेली कंपनीचा छोटा रिले बसवला. बटणाची वायर रिलेच्या स्विच-इनपुटला, रिलेचं आउटपुट जुन्या डिंग-डाँगला, ऑटो-ऑफ एक सेकंद. काम अर्थातच मेन बंद करून आणि इलेक्ट्रिशियनकडून. तोच भाऊ, या वेळी म्हणाला, "आधीच हे सांगतल्या असत्या तं पट्टी नसती मारली ना ताई."

फरक असा पडला की बटण दाबलं की बेल रिले स्वतःच वाजवतो. वाय-फाय गेलं, मिनी पीसी बंद पडला, तरी डिंग-डाँग होतेच. सासऱ्यांचा प्रश्न तिथे मिटला. आणि त्याच क्षणी होम असिस्टंटला घरातल्या घरात खबर लागते, कूलर थांबतो, डोअरबेलच्या कॅमेऱ्याचं चित्र हॉलच्या टॅबवर उघडतं. बोट बटणावरून उचलायच्या आत कूलरची घरघर थांबलेली असते. मी फाटकावर उभी राहून, दाबून, कान देऊन खात्री केली आहे. शेजारच्यांना वाटलं घरच्यांनी बाहेर काढली.

पीआयआरचं काम आता फ्रिगेट या सॉफ्टवेअरकडे आहे. तो चित्र बघून ओळखतो, त्यामुळे भिंत किती तापली याच्याशी त्याला घेणं नाही. मिनी पीसीच्या इंटेल चिपवर ओपनव्हिनोने (इंटेलचं एआय सॉफ्टवेअर) चालतो, वेगळं कार्ड घ्यावं लागलं नाही. मूळ सेटिंगमध्ये फक्त 'माणूस' असतो. मी 'गाय' आणि 'कुत्रा' वाढवले, कारण आमच्या गल्लीतल्या गाईंना माझी जास्वंद फार आवडते. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्यानंतरच्या पोरांच्या सणाला, गंमत झाली. पोरं सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन बोजारा (सणाची बक्षिशी) मागायला फाटकावर, आणि माझ्या मोबाईलवर एकामागून एक, 'फाटकावर गाय'. चाकांच्या, झूल घातलेल्या, गळ्यात माळा असलेल्या बैलाला तो गाय म्हणाला, चूक कसं म्हणू? एका छोट्या बैलाला मात्र 'कुत्रा' म्हणाला. ते त्या पोराला सांगितलं नाही. पोरांनी बटण इतकं दाबलं की दोन मिनिटांची मर्यादा घातली नसती तर कूलरची मोटर त्या दिवशी गेली असती. पंप बंद होता, नुसता पंखा चालू होता, तरी.

बाकीचं थोडक्यात. पावसाचं पाणी आत गेलं नाही. दोन बाजूंनी बोलण्याचा आवाज ठीक. लाईन गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की कधीकधी ही बेल पुन्हा सुरू होऊन वाय-फायला लागायला मिनिटभर घेते, जुनं बटण तेवढ्यात दोनदा वाजून गेलेलं असतं. लेन्समध्ये समोरच्या काकूंचं अंगण येत होतं, ते मास्क केलं, म्हणजे चित्रात झाकून टाकलं.

तारे तीन. त्यातला एक शहाबादी फरशीचा आहे. परत घ्यायची वेळ आली तर बटणाचा इव्हेंट लोकल देणारी बेल घेईन, किंवा सरळ साधा आयपी कॅमेरा आणि साधं बटण.

ज्यांचं अंगण मास्क केलं त्या काकूंनी हे सगळं पाहिलं. त्यांना कॅमेरा नको, होम असिस्टंट नको, फक्त बेल वाजली की कूलर थांबायला हवा. त्यांना दोन रिले लिहून दिलेत, एक बटणाला, एक कूलरला. पहिला दुसऱ्याला वाय-फायवर थेट सांगतो की बारा सेकंद बंद हो, मधे संगणक लागत नाही. कूलर चालू होता की नाही हे मात्र तो तपासत नाही, म्हणून दसऱ्यानंतर कूलरचा पिन काढून ठेवा असं वर लाल पेनाने लिहिलंय.