चहातली साखर: एकदम बंद की चमचा-चमचा कमी?
मावसभाऊ दोन महिने ह्यातच अडकलाय म्हणून लिहितेय, मी दोन्ही करून बसलेय.

त्रास म्हणाल तर एकदम सोडली की पहिला आठवडा चहा नुसता काढा लागतो, आणि चार वाजता हात आपोआप साखरेच्या डब्याकडे जातो, कारण सवय जिभेइतकीच त्या वेळेला नि त्या कपाला चिकटलेली असते. कमी-कमी करताना जिभेला पत्ता लागत नाही पण रोज "आज किती?" हा हिशोब डोक्यात, आणि पाहुणे आले की अर्ध्याचा दीड चमचा कधी होतो कळतच नाही.

वेळ? २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ पर्यंत, आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं (हे वाचून मला फार बरं वाटलेलं).

खर्च शून्य.

घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होत असेल तर हळूहळूच करा, नाहीतर सासरे कप तसाच परत पाठवतात. स्वतःचा वेगळा टाकत असाल आणि मोजत बसायचा कंटाळा असेल तर सरळ बंद. भावाला मी बंदच सांगितलंय, त्याला हिशोब जमत नाही.