गुडघ्याएवढे गमबूट : भातलावणीचा एक मोसम वापरून

कुडाळच्या बाजारातून चारशे ऐंशीला घेतले. कारण सांगते. आमच्या सिंधुदुर्गात लावणी आली की लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती येतेच. उंदीर, गुरं, कुत्रे यांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून आत शिरतात. मुंबईत २००५च्या पुरानंतर हेच झालं, फक्त तिथे गटाराचं पाणी होतं. माझ्या टाचा म्हणजे उन्हाळ्यातलं शेत, तेव्हा बूट हवेच होते.

बांधावर, गोठ्यात, शेण काढताना एक नंबर. पाणी अजिबात आत जात नाही. पण चिखलणी केलेल्या मळ्यात? तिसऱ्या पावलाला बूट चिखलात आणि मी बाहेर! जाऊबाई तरव्याची, म्हणजे भातरोपांची, मूठ टाकून हसत बसल्या. शेवटी लावणी अनवाणीच केली, भेगांना पट्टी लावून; आणि लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्यसेविकेने दिलेली डॉक्सिसायक्लिनची गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर. बूट रात्री उलटे टांगा, नाहीतर आत कुबट वास धरतो. मापाला एक नंबर मोठा घेऊ नका, मी तीच चूक केली.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गोठ्यासाठी.