एलटीओ-८ लायब्ररीत बारकोडच्या टेप्स: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या पुण्याच्या ऑफिसात २४ स्लॉटची एलटीओ-८ टेप लायब्ररी आहे, म्हणजे बॅकअपच्या टेप्स रोबोटने उचलून ड्राइव्हमध्ये घालणारं यंत्र (एलटीओ हा टेपचा प्रकार, ८ ही त्याची पिढी). बॅकअप बॅक्युला या सॉफ्टवेअरवर चालतो. गेल्या दिवाळीनंतर सगळ्या टेप्स बारकोडवाल्या घेतल्या. तुमच्याकडे लायब्ररी असेल आणि टेप्स मात्र साध्या असतील, तर हा खर्च बिनधास्त करा.

बारकोड नसला की लायब्ररीला एवढंच कळतं की स्लॉट भरलेला आहे. आत कोणती टेप आहे हे बघायला रोबोटला ती उचलून ड्राइव्हमध्ये घालावी लागते, टेपच्या सुरुवातीला लिहिलेलं नाव (लेबल) वाचावं लागतं, मग परत जागेवर ठेवावी लागते. एकेका टेपला काही मिनिटं जातात आणि तेवढा वेळ ड्राइव्ह अडकून पडतो. आता मॅगझिन (टेप्सचा ट्रे) आत ढकललं की रीडर सगळ्या स्टिकरांवरून फिरतो, नंतर बॅक्युलात ‘अपडेट स्लॉट्स’ कमांड दिली की कॅटलॉग, म्हणजे कोणत्या टेपवर काय आहे याची नोंद, जुळलेला.

नवीन टेप्सचं कामही सोपं आहे. मेल स्लॉटमधून (टेप आत-बाहेर करायच्या खिडकीतून) आत घ्यायच्या, ‘लेबल बारकोड्स’ ही कमांड द्यायची आणि पूल (टेप्सचा गट) विचारला की ‘स्क्रॅच’ (वापरायला मोकळ्या टेप्सचा गट) सांगायचं. प्रत्येक टेपवर बारकोडचंच नाव लिहिलं जातं. जिचा बारकोड सीएलएनने सुरू होतो ती, ड्राइव्ह साफ करायची क्लिनिंग टेप बॅक्युला ओळखतो, तिच्यावर लेबल लिहीत नाही.

ऑर्डर देताना नंबर नीट ठरवा. स्टिकरवर आठ अक्षरं असतात: पहिली सहा आपली, शेवटची दोन टेपच्या पिढीची. एलटीओ-८ ला ‘एल८’. ‘एम८’ हा वेगळा प्रकार: कोरी एलटीओ-७ टेप एलटीओ-८ ड्राइव्हमध्ये ६ ऐवजी ९ टीबीला वापरायची सोय. एकदा तशी तयार झाली की एलटीओ-७ ड्राइव्ह ती वाचत नाही. त्यामुळे ही दोन अक्षरं अंदाजाने छापून घेऊ नका. शिवाय लायब्ररीने सहा अक्षरं कळवायची की आठ, ही सेटिंग पहिल्याच दिवशी ठरवा. मध्येच बदललीत तर कॅटलॉगमधली नावं जुळणार नाहीत.

स्टिकर कंपनीतूनच लावून आलेले घ्या. एका पुरवठादाराने काही टेप्सवर स्वतः छापलेले कागदी स्टिकर लावून दिले होते. जुलैच्या दमटपणात त्यांच्या कडा सुटल्या. लायब्ररी तो नंबर कधी वाचायची, कधी नाही. सुटलेली कड ड्राइव्हच्या तोंडाशी अडकली असती तर नुकसान ड्राइव्हचं झालं असतं. आम्ही त्या टेप्स लगेच बाहेर काढल्या. तसंच, नवीन टेप बाहेरून आली की डबीसकट एक दिवस सर्व्हर रूममध्ये राहू द्या. पावसाळ्यात तर हे नक्की पाळा.

मला सगळ्यात जास्त फायदा रिस्टोअरच्या वेळी झाला. महिन्याच्या फुल बॅकअपच्या टेप्स आम्ही दुसऱ्या इमारतीतल्या अग्निरोधक कपाटात ठेवतो. कॅटलॉग टेपचा नंबर सांगतो, मी तिथल्या सहकाऱ्याला फोनवर तो वाचून दाखवतो आणि ती नेमकी तीच टेप काढून पाठवते. तिला बॅकअपमधलं काही माहीत असायची गरज नाही.

एलटीओ-९ घेणार असाल तर वेळेचा हिशेब वेगळा ठेवा. त्या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की तिचं कॅलिब्रेशन होतं, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. नवीन टेप्स शनिवारी सकाळी भरा, रात्रीचा जॉब खोळंबणार नाही.