बाळंतिणींचे ऑनलाइन योगवर्ग: खचलेल्या मनाला किती आधार?

झूमवर चालणारे ‘पोस्टनेटल योगा’चे वर्ग आता गावोगावच्या बाळंतिणी घरबसल्या लावतात. साचा बहुतेक ठिकाणी एकच: आठवड्यातून दोन-तीन दिवस, पाऊण ते एक तास, महिन्याची फी आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. जाहिरातीत भर असतो तो सुटलेलं पोट आत घेण्यावर. आम्ही हे वर्ग वेगळ्या निकषावर जोखतो. बाळंतपणानंतर जिचं मन खचलंय, तिला यातून काय मिळतं?

सौम्य ते मध्यम नैराश्यात, उपचारांच्या जोडीला, नीट चालवलेला वर्ग जरूर लावावा. औषध किंवा समुपदेशनाऐवजी मात्र नाही. अमेरिकेतल्या आयोवा इथली, २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी यासाठी बघण्यासारखी आहे. नैराश्य असलेल्या ५७ बाळंतिणी, आठ आठवडे, १६ वर्ग. योग करणाऱ्या गटातल्या ७८ टक्के बायकांना ठळक फरक पडला. नुसत्या प्रतीक्षा यादीत ठेवलेल्या गटातही ५९ टक्क्यांना पडला. म्हणजे बऱ्याच जणींना काळ जाईल तसा उतार पडतो, योगाने तो लवकर आणि जास्त पडतो. शंभर टक्के हमी देणाऱ्या वर्गावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

प्रवेश देताना काय विचारतात, यावरून वर्गाचा दर्जा कळतो. प्रसूती नॉर्मल की सिझेरियन, टाके भरले का, अंगावरून जाणं थांबलं का, खोकताना लघवी निसटते का, हे प्रश्न यायलाच हवेत. त्यासोबत बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची एडिनबरा प्रश्नावली हवी. दहा प्रश्न, ३० गुण, पाच-सात मिनिटांचं काम. साधारण १० ते १३ च्या पुढे गुण गेले की डॉक्टरांकडे पाठवायचं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे ‘कधीतरी’ असं उत्तर आलं तरी एकूण गुण न बघता त्याच दिवशी बोलायचं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू येणं, चिडचिड बहुतेक जणींची आपोआप निवळते. त्यापुढेही टिकलं तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, कारण दोन्हींतल्या बिघाडाने असाच थकवा आणि उदासी येते. वजन आणि उंची विचारून लगेच फीची लिंक पाठवणारा वर्ग या कामाचा नाही.

शिकवण्यात सगळ्यात मोठी चूक कपालभातीची. बारीक व्हायची घाई म्हणून ती दुसऱ्या महिन्यातच सुरू करून देतात. गरोदरपणात पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असतात, ओटीपोटाचा तळ सैल असतो. प्रत्येक झटक्याचा दाब नेमका तिथेच येतो. उताणं झोपून डोकं उचललं आणि बेंबीच्या रेषेत उंचवटा आला, तर कपालभाती, नौकासन आणि दोन्ही पाय एकदम उचलणं बंद. नॉर्मल प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि सिझेरियननंतर आठ ते बारा आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारूनच आसनं सुरू करावीत. हलका दीर्घ श्वास त्याआधीही चालतो.

चांगल्या वर्गाचा क्रम साधा असतो. आधी बाळाला पाजून घ्यायचं, नाहीतर छाती भरून येते आणि पालथं झोपवत नाही. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, श्वास रोखायचा नाही, पाच मिनिटं. पाजून पाजून आखडलेल्या मानेसाठी आणि खांद्यांसाठी मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून मांजरासारखी पाठ वर-खाली करणं) आठ-दहा वेळा, सावकाश. सेतुबंध, म्हणजे उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, पाच वेळा. भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडण्याची, पाच आवर्तनं. आणि शेवटची दहा मिनिटं सुप्त बद्धकोनासन, ज्यासाठी आम्ही वर्गाला सर्वाधिक गुण देतो.

हे आसन नीट लावून घेणारे शिक्षक कमी. दोन घट्ट उशा लांबीत एकापुढे एक ठेवायच्या, कंबर उशीच्या कडेला टेकवून जमिनीवर बसायचं आणि सावकाश मागे रेलायचं. डोक्याखाली घडी घातलेली चादर, म्हणजे कपाळ हनुवटीपेक्षा वर राहील. तळवे जुळवून दोन्ही गुडघ्यांखाली एकेक गुंडाळलेली सोलापुरी चादर. ती विसरली की जांघेत ओढ बसते, अंग सैल होतच नाही. जघनास्थीच्या सांध्यात, म्हणजे ओटीपोटाच्या खाली पुढच्या हाडाच्या जोडात, दुखत असेल तर गुडघे फाकवू नयेत, पायांखाली लोड घेऊन नुसतं पडावं. डोळे मिटायची सक्ती नको. मनात काहूर असताना अंधार आणि शांतता मिळाली की नको ते विचार उसळून येतात. अशा वेळी उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत श्वास मोजणं जास्त सोसतं.

वेळ सकाळी अकराच्या आसपासची बरी. मालिश-अंघोळ उरकून बाळ झोपलेलं असतं. संध्याकाळी बाळं किरकिरतात, त्यामुळे सातच्या बॅचला गळती जास्त. रेकॉर्डिंग हवंच, कॅमेरा बंद ठेवायची मुभा हवी, आणि मध्येच पाजायला उठणारीला शिक्षिकेने टोकू नये. ग्रुपवर वजनाचे आणि ‘आधी-नंतर’चे फोटो पडत असतील तर असा वर्ग खचलेल्या बाईला आणखी खचवतो.

‘गोळ्या सोडा, योग पुरे’ असं सांगणारा वर्ग तिथल्या तिथे सोडावा. सर्ट्रालीनसारखी काही औषधं अंगावर पाजतानाही डॉक्टर देतात. बाळ झोपलं तरी झोप न लागणं, बाळाला इजा करण्याचे विचार, भास होणं, यांपैकी काहीही दिसलं तर योगवर्गाची वाट न बघता दवाखाना गाठावा. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. हा नंबर पहिल्याच दिवशी ग्रुपवर टाकणारे आणि एखादं सत्र नवरा-सासू-आईसाठी ठेवणारे वर्ग आम्हाला सर्वांत वरचे वाटतात. फी भरण्याआधी एक चाचणी सत्र मागा आणि त्यात शेवटच्या दहा मिनिटांत काय करून घेतात ते बघा.