राणीचा बाग: शंभर रुपयांत चौघं

चिंचपोकळीची आमची खोली दहा बाय बाराची, वर पोटमाळा. दोन्ही जावा बदलापूरला वन बीएचके घेऊन गेल्या. भेटल्या की त्यांचा ठरलेला प्रश्न, "पोरांना खेळायला कुठे नेतेस गं?" भायखळ्याला, राणीच्या बागेत. रमतगमत चालत वीस मिनिटं.

पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. सासूबाईंच्या तोंडी मात्र राणीचा बागच. २०१७ साली पाचाचं तिकीट पन्नास झालं, ते त्यांना अजून टोचतं. पण आईबाप आणि दोन मुलं मिळून शंभरच लागतात. एवढ्यात चौघांची दुपार मुंबईत दुसरीकडे कुठे निघते?

पेंग्विनसाठी रविवारी जाऊ नका. काचेशी पोहोचेपर्यंत पोरं रडकुंडीला येतात, त्यात मोठी माणसंच सेल्फीसाठी अडून बसतात. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. बाहेर घामाच्या धारा, आत गारेगार. धाकट्याने काचेला नाक लावलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "आई, यांना एसी आणि आपल्याला टेबलफॅन?" मागची रांग खो खो हसली.

मला विचाराल तर या बागेचा जीव झाडांत आहे. गोरखचिंचेच्या खोडाला आम्ही तिघांनी हात धरून वेढा घालून पाहिला, पुरला नाही. कैलासपतीची तोफगोळ्यांसारखी फळं थेट खोडालाच लटकलेली दिसतात. खाली उभं राहू नका एवढंच.

बागेला लागूनच असलेल्या भाऊ दाजी लाड म्युझियमबाहेरचा दगडी हत्ती तर चुकवूच नका. मूळचा घारापुरीचा. १८६४ साली साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये जोडून इथे उभा केला. सासूबाईंनी ही गोष्ट सांगितल्यापासून धाकटा दर वेळी सांधे शोधतो आणि "इथे दुखत असेल ना?" म्हणून हात फिरवतो.

बाग बुधवारी बंद असतो, आम्ही एकदा फेरी वाया घालवली. पोरांना सुट्टी असेल तर सकाळी दार उघडताच आत शिरा. बागेला पाचातले साडेचार तारे देते, अर्धा रविवारच्या गर्दीचा कापला. मागच्या महिन्यात मोठी जाऊ पोरांना घेऊन आली होती. संध्याकाळी निघताना तिची मुलगी बाकावरून उठेचना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे गं तिला आज आमच्याकडे, पोटमाळ्यावर झोपेल."