'ज्युरासिक पार्क' मालिकेचा सहा चित्रपटांचा ४के डिस्क-संच: घ्यावा का, आणि पुढच्या भागाकडून काय हवं

घ्यावा. आणि सुरुवात १९९३च्या पहिल्या भागातल्या पावसाच्या प्रसंगापासून करावी. टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो तेव्हा पार्श्वसंगीत अजिबात नाही. फक्त पाऊस, तुटणाऱ्या तारा आणि त्या प्राण्याचा श्वास. टॉर्चचा झोत पडताच त्याच्या डोळ्याची बाहुली आकसते, ते ४केमध्ये लख्ख दिसतं. गाडीला खेटून दिसणारं ते डोकं स्पेशल इफेक्ट्सचे कारागीर स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बनवलेल्या यांत्रिक प्राण्याचं. त्याच्या कातडीचा फोम पाणी प्यायचा, वजन वाढायचं आणि सगळं धूड थरथरायला लागायचं, म्हणून दोन शॉटच्या मधे टॉवेलने टिपून घ्यावं लागे. तो जडपणा पडद्यावर जाणवतोच. दिवसाउजेडातले, संगणकावर बनवलेले डायनासोरांचे कळप मात्र या डिस्कवर जरा मऊ दिसतात. तो मूळ कामाचाच भाग आहे, डिस्कचा दोष नाही.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद आणि नॉइज रिडक्शन (चित्रातले कण पुसणारी सोय) शून्यावर ठेवा. पहिल्या तीन भागांच्या चित्रातले बारीक कण ३५ मिमी फिल्मचे आहेत. ते पुसले की कातडीचा पोतही जातो. चौकट (चित्राची रुंदी : उंची) भागागणिक बदलते: पहिले तीन १.८५:१, २०१५चा २:१, २०१८चा २.३९:१. काळ्या पट्ट्या घालवायला झूम केलंत तर कडा कापल्या जातील.

आवाजाच्या जोडणीत बहुतेकांची गफलत होते. पहिल्या भागाचा ट्रॅक डीटीएस:एक्स या सभोवार ध्वनीच्या प्रकारात आहे (थिएटरमध्ये डीटीएस आलं तेच या चित्रपटाबरोबर). टीव्हीमार्फत साध्या एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर नेणारी सोय) साउंडबार जोडला तर हा ट्रॅक पूर्ण पोचत नाही, आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. प्लेअर थेट रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला) जोडा. रिसीव्हरला डीटीएस:एक्स येत नसलं तरी चालेल, तोच ट्रॅक डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या आधीच्या प्रकारात वाजतो.

दुसरा भाग चांगला, तिसरा ९२ मिनिटांत आटोपतो. २०२२चा 'डॉमिनियन' १४ मिनिटं वाढवलेल्या आवृत्तीतच पाहा; सुरुवातीचा क्रेटेशियस काळातला भाग तिथेच आहे.

सहाही सलग पाहिले की मालिकेची वाट कुठे चुकली ते कळतं. पहिल्या भागाच्या १२७ मिनिटांत डायनासोर दिसतात जेमतेम १५ मिनिटं, आणि टी-रेक्स यायला तासभर लागतो. पुढे संख्या वाढली, धाक कमी झाला. २०१५ला इंडोमिनस, २०१८ला इंडोरॅप्टर, आणि या संचाबाहेरच्या २०२५च्या 'रीबर्थ'मध्ये सहा अवयवांचा डी-रेक्स: प्रयोगशाळेत घडवलेला राक्षस तीनदा झाला, आता पुरे. त्याच 'रीबर्थ'मध्ये नदीकाठी झोपलेला टी-रेक्स आणि रबरी तराफा हा प्रसंग मात्र अस्सल आहे. तिथे भीती वाटते ती एका जनावराची, प्रयोगशाळेत घडवलेल्या शस्त्राची नाही.

पुढच्या भागात तेच हवं. एक बेट, तीन-चार जाती, जवळच्या शॉटसाठी पूर्ण आकाराची यांत्रिक डोकी. 'डॉमिनियन'मधल्या पायरोरॅप्टरसारखी पिसं आणखी जातींना द्या. आणि प्राणी पहिल्यांदा समोर येईल तेव्हा वाद्यवृंद थांबवा, नुसता श्वास ऐकू द्या.