आईच्या "ठिसूळ हाडांचे" जास्तीचे पैसे घेतले आणि नंतर तेच कारण सांगून हात वर केले

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, पण परवा आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी विचारलं की दातांचे इम्प्लांट कुठे केलेस गं आईचे, मलाही करायचेत. (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेले पक्के दात.) म्हणून लिहितेय. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, तक्रार चालू आहे.

आई ६८ वर्षांची, आम्ही डोंबिवलीला राहतो. २०२१ मध्ये बाथरूममध्ये घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा डेक्सा स्कॅन (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी) केला, त्यातला आकडा म्हणजे टी-स्कोर आला उणे ३.१ (उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार धरतात). मग हाडांच्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं ५ मिलीग्रॅमचं सलाईन सुरू केलं. अर्धा तास आडवं पडायचं, दुसऱ्या दिवशी थोडा ताप आणि अंगदुखी, की वर्षभर विषय बंद. अशी तीन झाली होती. आता तुम्हीच सांगा, वर्षातून एकदा लावलेलं सलाईन कोणाला "औषध चालू आहे" असं वाटेल? आईला तर नाहीच वाटलं. गोळी म्हणजे औषध, आणि तिच्या गोळ्या म्हणजे फक्त कॅल्शियम.

मागच्या वर्षी सोसायटीत फुकट दात तपासणीचा कँप आला. खालचे चार दात हलत होते, बाकीचे आधीच गेलेले. कँपमधली मुलगी गोड बोलणारी, काकू काकू करत, तीन दिवसात फिक्स दात, लाइफटाइम वॉरंटी. क्लिनिकला गेलो तर रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं बीपी शुगर आहे का, आई नाही म्हणाली, तिने स्वतःच फॉर्मवर सगळीकडे "नो" टिक केलं आणि आईची सही घेतली. फॉर्म इंग्लिशमध्ये. मी शेजारीच बसले होते आणि मीही वाचला नाही, हा माझा दोष, मान्य.

पण पुढचं ऐका. आत गेल्यावर आईने डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं की माझी हाडं ठिसूळ आहेत हो, चालेल ना? त्यावर ते हसून म्हणाले, काकू म्हणूनच तर आपण चारच्या ऐवजी सहा इम्प्लांट टाकू आणि वर बोन पावडर घालू, एकदम पक्कं होईल. म्हणजे पॅकेज २ लाख २० हजार, वर बोन पावडरचे ३५ हजार. आजार ऐकला आणि बिलात जोडला, पण त्यासाठी कुठलं औषध घेता हा एक प्रश्न विचारला नाही. पैसे माझ्या नावावर ईएमआयने, कागद तिथेच टॅबवर करून घेतले. त्याच दिवशी चार दात काढून सगळे स्क्रू बसवले आणि तिसऱ्या दिवशी दात लागले. आई खूश, आरशात बघत बसायची.

दोन महिन्यांनी खाली डावीकडे दुखायला लागलं, वास यायला लागला. क्लिनिकवाले म्हणे अन्न अडकतंय, नीट ब्रश करा, अँटिबायोटिक घ्या. मग दुसरा कोर्स, मग तिसरा. एक दिवस आई म्हणाली जिभेला काहीतरी टोचतंय, टॉर्च मारून पाहिलं तर हिरडीतून पिवळट पांढरं हाड दिसत होतं. तरी ते म्हणे जखम भरतेय.

शेवटी सीएसएमटीला सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे तिथे गेलो. ओरल सर्जरीच्या मॅडमनी तोंड बघायच्या आधी विचारलं, हाडांसाठी इंजेक्शन किंवा सलाईन घेतलंय का कधी? पहिला प्रश्न हा! ऑस्टिओनेक्रोसिस निघालं, म्हणजे जबड्याचं हाड त्या जागी मेलेलं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यात हाडाची रोजची दुरुस्तीही मंदावते, आणि दात काढला की कधीकधी जखम भरत नाही. आठ आठवड्यांपेक्षा जास्त हाड उघडं राहिलं तर हेच समजतात. झोलेड्रॉनिक हाडात वर्षानुवर्षं राहतं, त्यामुळे "आठवडाभर औषध बंद ठेवलं की झालं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन इम्प्लांट आणि मेलेलं हाड काढावं लागलं.

मॅडमनी हेही स्पष्ट सांगितलं की ऑस्टिओपोरोसिस आहे म्हणून इम्प्लांट होतच नाहीत असं नाही, आणि हाडं ठिसूळ असणाऱ्यांच्या डोसमध्ये हा त्रास कमी जणांना होतो, कॅन्सरसाठी दर महिन्याला देतात त्यांना धोका बराच जास्त. पण धोका सांगून, हाडांच्या डॉक्टरांशी बोलून, मग पेशंटने ठरवायचं असतं. घरी येऊन हाडांच्या डॉक्टरांची फाइल काढली तर मागच्या पानावर छापलेलं होतं, दात काढण्याआधी कळवा. आणि हो, हे वाचून घाबरून कोणी आपली इंजेक्शनं बंद करू नका, विशेषतः डेनोसुमॅब, ते ठिसूळ हाडांसाठीचंच दुसरं इंजेक्शन, दर सहा महिन्यांनी असतं आणि मध्येच सोडलं तर मणक्याची हाडं मोडू शकतात.

क्लिनिकमध्ये वॉरंटीचं विचारायला गेले तर मॅनेजरने कागद उलटा करून बारीक अक्षरं दाखवली, हाडांचे आजार असल्यास वॉरंटी लागू नाही. मी म्हटलं मग ३५ हजार कशाचे घेतले? तर म्हणे मॅडम तुम्ही फॉर्मवर "नो" लिहिलंय. इम्प्लांटच्या डब्यावर कंपनी आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो, तो पेशंटला द्यायचा असतो, तो मागितला तर आजवर मिळाला नाही. तुम्ही पैसे भरायच्या आधीच सांगून ठेवा की स्टिकर लागेल.

वकिलाकडून नोटीस पाठवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आमच्याकडे वेळ आहे, सरकारी कॉलेजचे पेपरही आहेत. नोटीस गेल्यावर क्लिनिकचा फोन आला, ६० हजार परत देतो, कुठेही तक्रार करणार नाही असं लिहून द्या. ईएमआयचे अजून पाच हप्ते जायचेत. आई मऊ भात आणि वरण खातेय, म्हणते घे ते पैसे आणि संपव. मी अजून सही केलेली नाही.